पदवीनंतरचे एक वर्ष : सेवा आणि फेलोशिपच्या वाटा

नाशिक, प्रतिनिधी

पदवी परीक्षेचा निकाल हाती आला की नाशिकच्या तरुणांपुढे साधारणपणे तीन वाटा असतात. पदव्युत्तर शिक्षणाला प्रवेश घ्यावा, सातपूर-अंबडमध्ये किंवा पुण्या-मुंबईत नोकरी शोधावी, अथवा एखाद्या अभ्यासिकेत जागा धरून स्पर्धा परीक्षेच्या तयारीला लागावे. गेल्या दोन दशकांत या तीन वाटांच्या जोडीला चौथी एक वाट हळूहळू रुळत आली आहे. काही आठवडे, काही महिने किंवा एक-दोन वर्षे एखाद्या गावात, शाळेत, दवाखान्यात, जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा स्वयंसेवी संस्थेत काम करावयाचे, त्याबद्दल बेताचे मानधन घ्यावयाचे आणि त्या अनुभवाच्या आधारे पुढची दिशा ठरवावयाची, असे या वाटेचे स्वरूप आहे.

या वाटेविषयी कुतूहल मोठे आहे, पण नेमकी माहिती थोडी. 'एक वर्ष फुकट गेले' अशी धास्ती पालकांना वाटते, तर 'समाजसेवा करावयाची आहे' एवढ्याच भांडवलावर अर्ज करणाऱ्या तरुणांची पुढे निराशा होते. खरे पाहता असे वर्ष फुकट जात नाही आणि ते फुकट मिळतही नाही. त्याची किंमत कोणीतरी मोजत असते. कधी ती सरकार मोजते, कधी संस्था, कधी तरुणाचे घर आणि कधी तो ज्या गावात जातो ते गाव. ही किंमत कोण मोजणार आहे, याचा विचार आधी केला तर वर्ष सार्थकी लागते. त्यासाठी उपलब्ध संधींची माहिती येथे एकत्रित देत आहोत.

एक शब्द, अनेक अर्थ

'फेलोशिप' हा शब्द आपल्याकडे किमान तीन अर्थांनी वापरला जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन फेलोशिप किंवा राज्यातील बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या संशोधन फेलोशिप म्हणजे पीएच.डी. करणाऱ्यांना मिळणारे अर्थसाहाय्य होय. दुसऱ्या प्रकारात शुल्क भरून करावयाचे निवासी अभ्यासक्रम येतात. त्यांच्या नावात फेलोशिप असली तरी ते शिक्षणच असते. या लेखाचा विषय तिसरा प्रकार हा आहे. त्यात तरुणाने ठरावीक मुदतीसाठी पूर्णवेळ काम करावयाचे असते, ते काम सार्वजनिक हिताचे असते आणि त्याच्यासोबत प्रशिक्षण व मार्गदर्शन मिळते. अर्ज करण्यापूर्वी आपण यांपैकी कोणत्या प्रकाराकडे जात आहोत, हे तपासून पाहावे.

ही कल्पना नवी नाही

शब्द इंग्रजी असला तरी कल्पना महाराष्ट्राला अपरिचित नाही. १८८४मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत गोपाळ कृष्ण गोखले यांनी दरमहा ७५ रुपयांच्या वेतनावर २० वर्षे शिकविण्याचे व्रत पाळले. १२ जून १९०५ रोजी त्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली, तीही सुशिक्षित तरुणांनी देशकार्याचे रीतसर शिक्षण घेऊन पूर्णवेळ काम करावे या हेतूने. गोखले यांच्या स्मरणार्थ १९१८मध्ये स्थापन झालेली गोखले एज्युकेशन सोसायटी आणि तिचे १९२४मध्ये सुरू झालेले एचपीटी महाविद्यालय नाशिककरांच्या रोजच्या परिचयाचे आहे. राष्ट्र सेवा दल (१९४१) आणि बाबा आमटे यांचे आनंदवन यांनी हीच परंपरा वेगळ्या रीतीने पुढे नेली.

फरक मुदतीचा आहे. जुन्या पिढीतील कार्यकर्ता आयुष्य द्यायचा. आजच्या योजना एक-दोन वर्षे मागतात. ठरावीक मुदतीच्या सेवेचे हे प्रारूप जगभर रूढ झाले ते अमेरिकेच्या पीस कोअरमुळे. १९६१मध्ये सुरू झालेल्या त्या योजनेचे तरुण स्वयंसेवक १९७६पर्यंत भारतातही काम करीत होते. १९९०मध्ये अमेरिकेत टीच फॉर अमेरिकाची पहिली तुकडी वर्गात उभी राहिली आणि त्याच धर्तीवर पुढे टीच फॉर इंडिया आले.

आठवडा ते महिना : चव घेण्यासाठी

वर्षभराचा निर्णय घेण्यापूर्वी थोडक्या दिवसांच्या कामातून आपली वृत्ती तपासून पाहणे शहाणपणाचे ठरते. त्याची पहिली पायरी महाविद्यालयातच असते. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, देशातील ३७ विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि दत्तक गावातील सात दिवसांचे विशेष शिबिर हा तिचा गाभा आहे. अनेक विद्यार्थी गुणांसाठी नाव नोंदवितात हे खरे. मात्र ज्यांनी शिबिरात मनापासून काम केले, त्यांना पुढच्या मुलाखतीत सांगण्यासारखे काही असते.

चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे महारोगी सेवा समितीतर्फे भरणारी श्रमसंस्कार छावणी ही महाराष्ट्रातील तरुणांच्या अनेक पिढ्यांनी अनुभवलेली शाळा आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस बाबा आमटे यांनी ती सुरू केली. मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात आठवडाभर सकाळी श्रमदान, नंतर व्याख्याने आणि चर्चा असा तिचा क्रम असतो. सामाजिक क्षेत्रातील अनेक कार्यकर्ते आपल्या वाटचालीचा आरंभ या छावणीपासून सांगतात.

मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्यांनी अस्वस्थ होऊन पुण्यातील 'मैत्री' या संस्थेने १९९७पासून 'धडक मोहीम' हाती घेतली. पावसाळ्यात रस्ते तुटतात, घरातील धान्य संपत आलेले असते आणि आजार बळावतात. नेमक्या याच काळात स्वयंसेवकांच्या तुकड्या साधारण दहा-दहा दिवसांसाठी मेळघाटातील गावांत राहतात, घरोघर जाऊन आजारी बालके शोधतात आणि त्यांना उपचारापर्यंत पोहोचवितात. एक तुकडी परतली की तिची माहिती घेऊन दुसरी येते. थोड्या दिवसांच्या सेवेतूनही सातत्य कसे राखावे, याचा हा चांगला नमुना आहे.

'निर्माण' : आधी प्रश्न, मग काम

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था स्थापन केली. त्यांनी २००६मध्ये तरुणांसाठी 'निर्माण' हा उपक्रम सुरू केला. १८ ते २८ या वयोगटातील तरुणांची अर्ज व मुलाखतीद्वारे निवड होते आणि शोधग्राम येथे टप्प्याटप्प्याने निवासी शिबिरे भरतात. 'मी कोण, माझ्या आयुष्याचे प्रयोजन काय आणि समाजाचा कोणता प्रश्न मी हाती घेऊ' हा या शिबिरांचा मध्यवर्ती विषय असतो. प्रत्यक्ष कामातून शिकण्याची ही पद्धत गांधीजींच्या 'नई तालीम'शी नाते सांगते. शिबिरानंतर ज्यांना एखाद्या सामाजिक प्रश्नावर पूर्णवेळ काम करून पाहावयाचे आहे, त्यांच्यासाठी 'कर के देखो' ही फेलोशिप आहे.

नाशिकच्या दृष्टीने याला एक वेगळा संदर्भ आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ येथेच आहे आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतून एमबीबीएस झालेल्या डॉक्टरांना एक वर्षाची बंधपत्रित सेवा करावी लागते. अनेकांना हे वर्ष जाच वाटते. 'निर्माण'मधील कित्येक तरुण डॉक्टरांनी मात्र तेच वर्ष गडचिरोलीसारख्या जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्वतःहून मागून घेतले. सक्तीचे वर्षही निवडीचे करता येते, हा त्यांचा धडा अन्य शाखांच्या पदवीधरांनीही घेण्याजोगा आहे.

अकरा ते तेरा महिने

मुख्यमंत्री फेलोशिप : राज्य शासनाची ही योजना २०१५मध्ये सुरू झाली, २०२०मध्ये बंद पडली आणि २०२३मध्ये पुन्हा सुरू करण्यात आली. जिल्हाधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी, महापालिका आयुक्त आदींच्या कार्यालयांत आणि मंत्रालयातील विभागांत १२ महिने काम, तसेच त्याच्या जोडीला आयआयटी मुंबईचा सार्वजनिक धोरणविषयक अभ्यासक्रम असे तिचे स्वरूप आहे. २०२५-२६च्या जाहिरातीनुसार ६० जागा होत्या. वय २१ ते २६ वर्षे, पदवीला किमान ६० टक्के गुण, पूर्णवेळ कामाचा किमान एक वर्षाचा अनुभव आणि मराठीचे ज्ञान या प्रमुख अटी होत्या. प्रवासखर्चासह दरमहा ६१,५०० रुपये देण्यात येणार होते. निवड ऑनलाइन परीक्षा, निबंध आणि मुलाखत यांतून होते. अनुभवाच्या अटीमुळे अगदी ताज्या पदवीधराला येथे थेट प्रवेश नाही, ही बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. आधी कोठेतरी वर्षभर नियमाने काम करून त्याचे प्रमाणपत्र जवळ बाळगणे, हीच तिची खरी पूर्वतयारी होय.

एसबीआय यूथ फॉर इंडिया : स्टेट बँकेच्या पुढाकाराने २०११मध्ये सुरू झालेली ही १३ महिन्यांची ग्रामीण फेलोशिप आता एसबीआय फाउंडेशन चालविते. २१ ते ३२ वयोगटातील पदवीधरांना नामांकित स्वयंसेवी संस्थांसोबत खेड्यात राहून शेती, पाणी, आरोग्य, शिक्षण, उपजीविका अशा विषयांवर स्वतःचा प्रकल्प राबवावयाचा असतो. मणिभाई देसाई यांनी १९६७मध्ये उरुळीकांचन येथे स्थापन केलेली 'बाएफ' ही तिच्या सहयोगी संस्थांपैकी एक. मासिक मानधनाखेरीज मुदत पूर्ण करणाऱ्यास एकरकमी रक्कम दिली जाते. वर्ष संपल्यावर नवी नोकरी मिळेपर्यंतचे चार महिने कसे काढावयाचे, या मध्यमवर्गीय चिंतेवर ही तरतूद नेमके उत्तर देते.

लॅम्प फेलोशिप : पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या दिल्लीच्या संस्थेची ही ११ महिन्यांची फेलोशिप २०१०पासून चालू आहे. २५ वर्षांपर्यंतच्या पदवीधराला एका खासदारासोबत काम मिळते. पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पी अधिवेशनापर्यंत विधेयकांचा अभ्यास, प्रश्नांची तयारी आणि भाषणांसाठी संशोधन ही त्याची कामे असतात. कायदा, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र यांची गोडी असणाऱ्यांना संसद आतून पाहण्याची ही दुर्मीळ संधी आहे. येथे मात्र इंग्रजी लेखनावर पकड लागते.

दोन वर्षे : वर्गखोलीत आणि शाळांसोबत

टीच फॉर इंडियाची पहिली तुकडी २००९मध्ये मुंबई आणि पुणे येथील शाळांत दाखल झाली. अल्प उत्पन्न गटातील मुलांच्या शाळेत दोन वर्षे पूर्णवेळ शिक्षक म्हणून काम करावे लागते. शिक्षणशास्त्राची पदवी नसली तरी चालते. निवडीनंतर संस्था प्रशिक्षण देते. पिरामल फाउंडेशनशी संलग्न असलेली गांधी फेलोशिप २००८मध्ये सुरू झाली. तिच्यातही दोन वर्षे द्यावी लागतात, परंतु फेलो स्वतः वर्ग घेण्याऐवजी सरकारी शाळा आणि स्थानिक यंत्रणा यांच्यासोबत काम करतो. दोन्ही ठिकाणी पहिले सहा महिने फार जड जातात. पन्नास-साठ मुलांसमोर उभे राहिल्यावर पदवीचा उपयोग होत नाही, धीराचा होतो.

प्रशिक्षण योजना वेगळ्या

या फेलोशिपबरोबर दोन सरकारी प्रशिक्षण योजनांचीही नावे घेतली जातात. त्यांचे स्वरूप निराळे आहे. केंद्राच्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत २०२४मध्ये जाहीर झालेल्या अटींनुसार २१ ते २४ वयोगटातील तरुणांना मोठ्या कंपन्यांत १२ महिने अनुभव, दरमहा ५,००० रुपये आणि एकदाच ६,००० रुपये मिळतात. पहिल्या टप्प्यात ज्यांना संधी देऊ केली, त्यांतील थोडेच प्रत्यक्ष रुजू झाले. परगावी खोली घेऊन पाच हजारांत महिना काढणे किती जणांना परवडेल, हा हिशेब ज्याचा त्याने केलेला बरा.

राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४पासून १८ ते ३५ वयोगटातील उमेदवारांना शासकीय व खासगी आस्थापनांत सहा महिने प्रशिक्षण देण्यात आले. बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. २०२५मध्ये मुदत पाच महिन्यांनी वाढविण्यात आली. मुदत संपल्यावर कायम करावे, या मागणीसाठी प्रशिक्षणार्थी रस्त्यावर उतरले. त्यांची अडचण समजण्यासारखी आहे. काम रोजचे आणि गरजेचे, पण नेमणूक मुदतीची, अशा स्थितीत आशा निर्माण होतेच. म्हणूनच कोणत्याही योजनेत जाताना 'यातून नोकरी लागेल' असे गृहीत धरू नये. लेखी स्वरूपात काय दिले आहे, तेवढेच आपले.

नाशिकमध्ये राहून

सेवेसाठी गडचिरोली किंवा दिल्लीलाच जावे लागते असे नाही. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, कळवण हे तालुके शहरापासून एसटीच्या काही तासांच्या अंतरावर आहेत. भात काढून झाला की तेथील कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत आणि नाशिकच्या बांधकामांवर मजुरीला येतात. मुलांची शाळा तुटते, लसीकरण चुकते, रेशनचे धान्य गावी राहते. सकाळच्या मजूर अड्ड्यावरून आपण रोज जातो. तेथे उभ्या असलेल्या माणसांचे गाव पाहणे हीदेखील फेलोशिपच होय.

या भागात आणि या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्था शहरातच आहेत. 'वचन' ही संस्था आदिवासी भागातील आरोग्यावर, 'प्रगती अभियान' रोजगार हमी आणि ग्रामीण उपजीविकेवर, तर 'अभिव्यक्ती' ही संस्था संवादमाध्यमे आणि लोकशिक्षणावर काम करीत आली आहे. अशा संस्थांकडे मोठ्या फेलोशिपसारखी जाहिरात किंवा परीक्षा नसते. थेट भेटून, आपल्याला काय येते आणि किती महिने देता येतील हे सांगून विचारावे लागते. हिशेब लिहिणे, सर्वेक्षणाची माहिती संगणकावर भरणे, कोकणी किंवा वारली बोलीत घरोघर संवाद साधणे ही साधी वाटणारी कौशल्ये तेथे मोलाची ठरतात. बोली येणारा सुरगाण्याचा पदवीधर या बाबतीत शहरी इंग्रजी शाळेतून आलेल्यापेक्षा पुढेच असतो. अर्जात ही गोष्ट ठळकपणे लिहावी. अनेकजण ती लपवितात.

तंत्रज्ञानाची आवड असणाऱ्यांसाठी २०१५च्या सिंहस्थाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. मूळ नाशिकचे असलेले, अमेरिकेतील एमआयटीचे प्राध्यापक रमेश रासकर यांच्या पुढाकाराने सिंहस्थापूर्वी 'कुंभथॉन' शिबिरे झाली. गर्दी, आरोग्य, निवास, अन्न या प्रश्नांवर स्थानिक विद्यार्थ्यांनी उपाय तयार केले. गर्दीची मोजणी करणारी चटई हे त्यांतील एक, आणि तिचा वापर प्रत्यक्ष मेळ्यात झाला. पुढे टीसीएसने नाशिकमध्ये 'डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर' हे केंद्र सुरू करून त्या प्रयत्नांना कायम जागा दिली. २०२७चा सिंहस्थ तोंडावर आहे. शहराला पुन्हा अशा हातांची गरज पडेल.

वयाचे गणित

राज्यसेवा परीक्षेला खुल्या प्रवर्गातील उमेदवार ३८व्या वर्षापर्यंत बसू शकतो. फेलोशिपची दारे मात्र फार लवकर बंद होतात. पंतप्रधान इंटर्नशिप २४, लॅम्प २५, मुख्यमंत्री फेलोशिप २६, निर्माण २८ आणि यूथ फॉर इंडिया ३२ अशी ही चढती मर्यादा आहे. 'आधी दोन-तीन प्रयत्न देऊ, मग पाहू' असे म्हणणारा उमेदवार पंचविशीनंतर मागे वळून पाहतो, तेव्हा यांतील निम्मे पर्याय संपलेले असतात. उलट क्रम अधिक सोयीचा आहे. वर्षभर प्रशासन किंवा गाव आतून पाहिलेल्या उमेदवाराला पुढे मुलाखतीत पाठ केलेली उत्तरे द्यावी लागत नाहीत. शिक्षणात खंड पडू द्यावयाचा नसेल तर नाशिकमध्येच मुख्यालय असलेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून काम करीत पदव्युत्तर पदवी घेता येते. मात्र संबंधित फेलोशिपची त्यास परवानगी आहे का, हे आधी विचारावे.

घराचा हिशेब

या वाटेवर खरी अडचण पैशाची आहे आणि ती उघडपणे बोलली जात नाही. ज्याच्या घरी पगार येतो, त्याला कमी मानधनाचे वर्ष परवडते. ज्याच्या शिक्षणासाठी शेत गहाण पडले किंवा शैक्षणिक कर्ज काढले, त्या घरातील पहिल्या पदवीधराला 'एक वर्ष समाजासाठी दे' असे सांगणे सोपे नाही. परिणामी ग्रामीण प्रश्नांवर काम करण्यासाठी शहरी मुले जातात आणि त्या प्रश्नांत वाढलेली मुले दूर राहतात. म्हणून मानधनाची चौकशी करण्यात संकोच बाळगू नये. राहणे-जेवण संस्थेचे की स्वतःचे, मानधन महिन्याच्या महिन्यास जमा होते की अनुदान आल्यावर, अपघात व आरोग्य विमा आहे का, हे प्रश्न विचारणारा उमेदवार लोभी नसतो. जबाबदार असतो. कर्जाचा हप्ता चालू असेल तर एकूण बारा महिन्यांचा खर्च कागदावर मांडून घरच्यांसमोर ठेवावा. आई-वडिलांचा विरोध पुष्कळदा कामाला नसतो, अनिश्चिततेला असतो.

गावाच्या पदरात काय?

दुसरा हिशेब गावाचा आहे. फेलो येतो, सर्वेक्षण करतो, लोकांना बैठकीला बोलावतो, आशा लावतो आणि मुदत संपली की निघून जातो. पुढच्या वर्षी नवा फेलो येऊन तेच प्रश्न पुन्हा विचारतो. योजनाच बंद पडली तर तोही येत नाही. २०१२मध्ये केंद्राने माओवादग्रस्त जिल्ह्यांसाठी पंतप्रधान ग्रामविकास फेलोशिप सुरू केली होती. ती आज अस्तित्वात नाही. मुख्यमंत्री फेलोशिपलाही मध्ये तीन वर्षे खंड पडला. सरकारे बदलतात, देणगीदारांचे प्राधान्य बदलते. गाव तेथेच असते.

यावर उपाय एकच. काम असे निवडावे की, ते आपल्यानंतर कोणीतरी चालवील. मोठा प्रकल्प अर्धवट सोडण्यापेक्षा अंगणवाडीची वजननोंदणी व्यवस्थित लावून दिली, रोजगार हमीचा मागणी अर्ज भरण्यास गावातील चार तरुणांना शिकविले किंवा शाळेचे वाचनालय ग्रंथपाल मुलांच्या हाती सोपविले, तर ते टिकते. 'मैत्री'च्या तुकड्यांप्रमाणे आपल्या नोंदी पुढच्या माणसाला समजतील अशा लिहून ठेवणे हेही कामाचाच भाग आहे.

अर्जापूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. नेमणुकीचे पत्र मिळेल का? त्यात कामाचे स्वरूप, मुदत, मानधन आणि रजा यांचा स्पष्ट उल्लेख आहे का?

२. प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी मार्गदर्शन कोण करणार? महिन्यातून किती वेळा भेट होईल?

३. याच ठिकाणी पूर्वी कोणी काम केले होते का? त्यांच्याशी बोलता येईल का? माजी फेलोंशी गाठ घालून देण्यास टाळाटाळ होत असेल तर सावध व्हावे.

४. राहण्याची जागा आणि प्रवास सुरक्षित आहे का? लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यानुसार (२०१३) अंतर्गत तक्रार समिती आहे का? हा प्रश्न मुलींनीच नव्हे, सर्वांनी विचारावा.

५. मुदत मध्येच सोडावी लागली तर काय? दंड किंवा बंधपत्र आहे का?

६. अखेरीस अनुभवाचे प्रमाणपत्र मिळेल का? त्यावर 'पूर्णवेळ' असा उल्लेख असेल का?

७. निवडीनंतर अनामत रक्कम मागितली जात आहे का? तसे असेल तर ती संस्था टाळावी. परीक्षेचे नाममात्र शुल्क ही गोष्ट वेगळी.

शासकीय योजनांच्या जाहिरातीची तारीख दरवर्षी एकच नसते आणि अटीही बदलतात. त्यामुळे मागील वर्षाच्या माहितीवर विसंबून न राहता अधिकृत संकेतस्थळावरील चालू वर्षाची जाहिरात वाचूनच अर्ज करावा. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी दिवाळीच्या सुट्टीपासून तयारीस लागावे. गुणपत्रके, राष्ट्रीय सेवा योजनेचे प्रमाणपत्र आणि 'मला हे काम का करावयाचे आहे' या विषयावरील स्वतःच्या शब्दांतील एक पान एवढे साहित्य तयार ठेवावे. हे पान दुसऱ्याकडून लिहून घेऊ नये. मुलाखत त्यावरच होते.

अशी संधी प्रत्येकाने घ्यावी असे नाही. घरची निकड असेल तर नोकरी करणे हेदेखील कर्तव्यच आहे आणि त्यात कमीपणा नाही. मात्र ज्यांना घेता येईल, त्यांनी घराचा आणि गावाचा असे दोन्ही हिशेब मांडून मगच पाऊल टाकावे. वर्ष संपल्यावर प्रमाणपत्र आपल्या हाती येतेच. त्याच वेळी गावाच्या हाती काय उरले, याचेही उत्तर ज्याला देता येईल, त्याचे वर्ष वाया गेले असे कोणी म्हणणार नाही.